कस्टम रॉम आणि कर्नल कुठला टाकू? ठाणे-नवी मुंबईकरांचे नेहमीचे प्रश्न

तेच तेच प्रश्न परत येतात म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय. घाईत असाल तर यूपीआयवाला आणि जिओवाला प्रश्न आधी वाचा, निम्म्या लोकांचा निर्णय तिथेच होतो.

रॉम आणि कर्नल यात नेमका फरक काय?

रॉम म्हणजे फोनवरची अख्खी सिस्टिम, म्हणजे सेटिंग्ज, लाँचर, नोटिफिकेशन, डायलर, जे जे तुम्हाला दिसतं ते आणि त्याच्या मागचं बरंचसं. कंपनीचा मूळ तो स्टॉक रॉम, बाहेरच्या लोकांनी बनवलेला तो कस्टम, आणि तो फोनमध्ये टाकणं म्हणजे फ्लॅश करणं. कर्नल म्हणजे त्याच्या खालचा लिनक्सचा भाग, जो प्रोसेसर, रॅम, चार्जिंग, डिस्प्ले, वायफाय यांच्याशी थेट बोलतो. प्रत्येक रॉमसोबत एक कर्नल येतोच. वेगळा कर्नल टाकणं ही नंतरची गोष्ट आहे आणि खरं सांगायचं तर बहुतेकांना त्याची गरज पडत नाही.

हे सगळं शक्य होतं कारण अँड्रॉइडचा मूळ कोड गुगल उघडा ठेवतं आणि लिनक्स कर्नल जीपीएल लायसन्सखाली असल्याने फोन विकणाऱ्या कंपनीला आपल्या कर्नलचा सोर्स द्यावा लागतो. काही कंपन्या वेळेवर देतात, काही अर्धवट देतात, काही महिनोन्‌महिने गप्प बसतात. तुमच्या फोनला चांगले रॉम आहेत की नाहीत हे बऱ्याच अंशी इथेच ठरतं.

दादा, सगळ्यात बेस्ट रॉम कुठला?

या प्रश्नाला उत्तर नाही. म्हणजे आहे, पण ते रॉमच्या नावात नाही. एकाच नावाचा रॉम एका फोनवर लोण्यासारखा चालतो आणि दुसऱ्या फोनवर दिवसातून दोनदा आपोआप रीस्टार्ट होतो, कारण प्रत्येक मॉडेलसाठी तो कोणीतरी वेगळा माणूस बनवत असतो, त्याला मेंटेनर म्हणतात. हॉटेलची पाटी तीच राहिली तरी आचारी बदलला की वड्याची चव बदलते, तसंच हे. म्हणून आधी रॉम ठरवून मग फोनसाठी शोधू नका. आधी तुमच्या मॉडेलचं कोडनेम, म्हणजे त्याचं आतलं नाव, शोधा, त्याला सध्या कोण कोण बिल्ड (तयार रॉमची फाईल) देतंय ते बघा आणि त्यातला माणूस निवडा.

कोडनेम महत्त्वाचं आहे हं. रेडमी नोट ४ म्हणजे मिडो, नोट ५ प्रो म्हणजे व्हायरेड, नोट १० प्रो म्हणजे स्वीट, पोको एफ१ म्हणजे बेरिलियम. बाजारात एकाच नावाखाली दोन वेगळे प्रोसेसरवाले फोन विकले जातात आणि लोक नावावर जाऊन भलत्याच फोनची फाईल टाकतात. फोन फास्टबूटमध्ये (कॉम्प्युटरचे हुकूम ऐकणारा मोड) नेऊन कॉम्प्युटरवरून प्रॉडक्टचं नाव विचारलं की खरं उत्तर मिळतं, खोक्यावरच्या स्टिकरवर जाऊ नका.

मेंटेनर चांगला आहे हे कसं ओळखायचं?

बिल्डसोबत जे लिहिलेलं असतं ते वाचा, नुसती डाऊनलोडची लिंक शोधत खाली जाऊ नका. मी काय बघतो ते सांगतो.

पहिलं, 'माहीत असलेले बग' ही ओळ. तिथे 'तुम्हीच सांगा' असं लिहिलं असेल तर ती या लाईनमधली जुनी थट्टा आहे पण मला ती आवडत नाही, कारण त्याचा अर्थ बऱ्याचदा इतकाच की त्याने स्वतः नीट तपासलेलं नाही. याउलट कोणी लिहिलं असेल की 'ब्लूटूथवर कॉल घेतला तर आवाज पाच सेकंद उशिरा येतो, वायफाय हॉटस्पॉट पाच गिगाहर्ट्झवर चालत नाही', तर तो माणूस फोन रोज वापरतोय. बग सांगणाऱ्यावर जास्त विश्वास ठेवा.

दुसरं, सिक्युरिटी पॅचची, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्यांची, तारीख. सहा महिने जुना पॅच असेल तर रॉम जवळपास सोडून दिलेला आहे.

तिसरं, एसईलिनक्स, म्हणजे प्रत्येकाला आपापल्या हद्दीत ठेवणारा फोनमधला पहारा. तो एन्फोर्सिंग, म्हणजे खरोखर अडवणारा, असायला हवा. पर्मिसिव्ह, म्हणजे न अडवणारा, असं लिहिलं असेल तर सरळ पुढे जा, कितीही फास्ट असो. मेंटेनरने फोनची एक मोठी कुंपणाची भिंत पाडलेली असते कारण काहीतरी चालत नव्हतं आणि ते नीट दुरुस्त करायला वेळ नव्हता.

चौथं, कर्नल आणि डिव्हाईस ट्रीचा (त्या मॉडेलच्या हार्डवेअरची माहिती रॉमला देणाऱ्या फाईलींचा) सोर्स उघडा आहे का. कर्नलचा सोर्स देणं तर बंधनच आहे, ते टाळणाऱ्याचा रॉम मी घेत नाही, मग त्याचे स्क्रीनशॉट कितीही गोड असोत.

नावं तरी सांगा ना!

बरं. लिनिएजओएस सगळ्यात साधा आणि शिस्तीचा. सायनोजेनमॉड डिसेंबर २०१६ मध्ये बंद पडलं तेव्हा त्याच लोकांनी हा पुढे चालू केला. थीम-बिम फार नाहीत, पण ऑफिशियल यादीत फोन यायचा तर त्यांच्या अटी पाळाव्या लागतात, म्हणून घरच्यांच्या फोनवर टाकायचा असेल तर हाच. आकड्यांनी गोंधळू नका, लिनिएज २१ म्हणजे अँड्रॉइड १४, २२ म्हणजे १५.

ज्यांना स्टेटस बारपासून घड्याळापर्यंत सगळं बदलून बघायचंय त्यांनी सीआरड्रॉइड किंवा इव्होल्यूशन एक्स बघा. पिक्सेल एक्सपिरियन्स अजूनही लोक विचारतात, पण तो प्रोजेक्ट २०२४ मध्येच थांबला, जुन्या फाईली इकडे तिकडे फिरतायत त्या टाकू नका. ग्राफीनओएस हा प्रायव्हसी आणि सिक्युरिटीत सगळ्यांच्या पुढे आहे पण तो फक्त गुगल पिक्सेलवर चालतो, रेडमीवर कसा टाकायचा हे कृपया विचारू नका.

यूपीआय आणि बँकेची अ‍ॅप चालतील का?

हा खरा प्रश्न. आज रिक्षावाला, भाजीवाली, स्टेशनवरचा चहा, सगळीकडे क्यूआर कोड आहे, आणि फोनवर पैसे गेले नाहीत तर माणूस तिथेच अडकतो.

होतं काय, तर ही अ‍ॅप गुगलच्या प्ले इंटिग्रिटीला विचारतात की हा फोन भरवशाचा आहे का. उत्तर तीन पायऱ्यांत येतं, बेसिक, डिव्हाईस आणि स्ट्राँग. कस्टम रॉमसाठी बूटलोडर, म्हणजे फोन चालू होताना सिस्टिम तपासणारा दरवाजा, अनलॉक करावा लागतो, आणि तो उघडला की वरच्या पायऱ्या गेल्या. पूर्वी मॅजिस्कमध्ये (रूट, म्हणजे फोनवर पूर्ण ताबा, मिळवून देणारं साधन) एखादं मॉड्यूल टाकून दुसऱ्या फोनची ओळख दाखवता यायची. पण मे २०२५ पासून अँड्रॉइड १३ आणि त्यापुढच्या फोनवर डिव्हाईस ही पायरीसुद्धा हार्डवेअरच्या सहीवर तपासली जाते, स्ट्राँगला तर त्याशिवाय मागच्या वर्षभरातला सिक्युरिटी पॅच लागतो. म्हणजे जुगाड अजून आहेत, पण ते आज चालतात आणि उद्या सकाळी गुगलने ती ओळख बंद केली की ऐरोली स्टेशनवर तुमचं पेमेंट फिरत बसतं.

कुठलं अ‍ॅप काय तपासेल हे ज्याचं त्याच्यावर आहे. काही अ‍ॅप रूट नसलेल्या साध्या रॉमवर निमूट चालतात, काही नुसता डेव्हलपर ऑप्शन चालू दिसला तरी उघडत नाहीत. कोणी 'माझ्याकडे सगळं चालतं' म्हणालं तर ते त्याच्या बँकेपुरतं आणि त्या दिवसापुरतं खरं धरा.

माझं मत स्पष्ट आहे. एकच फोन असेल आणि पगार, ईएमआय, यूपीआय सगळं त्याच्यावर असेल तर कस्टम रॉम टाकू नका. दुसरा, ड्रॉवरमध्ये पडलेला फोन असेल तर त्याच्यावर बिनधास्त टाका. आणि कंपनीने अपडेट बंद केलेला फोन असेल, जसं पोको एफ१ ला कंपनीने अँड्रॉइड १० वर सोडलं आणि पुढची व्हर्जन लोकांनी आणली, तिथे हिशोब वेगळा होतो, कारण जुना पॅच घेऊन बँकिंग करणं हीपण काही शहाणपणाची गोष्ट नाही.

जाता जाता, नेटफ्लिक्सवाल्यांसाठी: वाईडवाईन (व्हिडिओची कॉपी रोखणारी यंत्रणा) एल१ वरून एल३ वर आलं की एचडी जातं, चित्र धुरकट दिसतं. काही फोनवर एल१ टिकतं, काहींवर नाही.

रॉम टाकल्यावर जिओवरून कॉलच लागत नाही, का?

कारण जिओकडे टूजी-थ्रीजी नाहीच. तिथे कॉल व्होल्टीवरून, म्हणजे फोर-जीच्या डेटावरून, जातो, आणि रॉममध्ये आयएमएसचा, म्हणजे असे कॉल सांभाळणारा, भाग नीट बसलेला नसेल तर नेट चालतं, व्हॉट्सअ‍ॅप चालतं, पण साधा कॉल लागत नाही. एअरटेल किंवा व्हीआयवर हाच रॉम टूजीवर उतरून कॉल लावून देतो म्हणून तिथे लोकांना बग दिसतच नाही. गंमत म्हणजे मेंटेनर परदेशातला असेल तर त्याने हे कधी तपासलेलंच नसतं, म्हणून भारतातल्या कोणीतरी व्होल्टी चालतं असं लिहिलंय का ते आधी शोधा.

तपासायचं कसं? डायलरमध्ये *#*#४६३६#*#* टाका, फोन इन्फर्मेशन उघडा, तिथे आयएमएस सर्व्हिस स्टेटसमध्ये रजिस्टर्ड आहे का बघा. नॉट रजिस्टर्ड असेल तर एकदा विमान मोड चालू-बंद करा, सिमचा स्लॉट बदलून बघा. तरी नाहीच तर फर्मवेअर, म्हणजे मोडेमची फाईल, रॉमला लागते त्याच व्हर्जनची आहे का ते बघा, अर्धे रुग्ण इथेच बरे होतात.

घरी बसून एक कॉल लागला म्हणजे झालं असं समजू नका. ठाण्याहून वाशीची गाडी पकडा आणि रबाळे-घणसोलीच्या पट्ट्यात चालत्या गाडीतून कॉल लावून ठेवा, टॉवर बदलताना कॉल टिकतो का ते कळेल. घोडबंदर रोडच्या उंच इमारतींमध्ये राहणाऱ्यांनी व्हीओवायफायपण (वायफायवरून कॉल) तपासा, बेसमेंट पार्किंगमध्ये किंवा आतल्या बेडरूममध्ये तोच आधार असतो. आणि जीपीएस! लोकलचं तिकीट फोनवर काढताना लोकेशन लागतं, तिथे फोनला लोकेशनच मिळालं नाही तर तिकिटाच्या रांगेत उभं राहावं लागेल.

फाईव्ह-जीचं म्हणाल तर जिओ स्टँडअलोन पद्धतीने (फोर-जीच्या आधाराशिवाय) देतं, आणि कस्टम रॉमवर नेमकं तेच कधी कधी दिसत नाही, फोर-जीवरच अडकतं.

माझा फोन अनलॉक होईल का?

पिक्सेल सोपा, सेटिंगमधून परवानगी देऊन फास्टबूटवरून होतो, फक्त परदेशातून कोणा कंपनीच्या करारावर लॉक असलेला आणलाय का ते बघा. मोटोरोला वेबसाईटवरून कोड देतं. विवो अधिकृतपणे देतच नाही. रियलमी काही ठराविक मॉडेलनाच देतं. सॅमसंगमध्ये नॉक्सचा, म्हणजे त्यांच्या सुरक्षा यंत्रणेचा, आकडा एकदा पडला की पडला, आतला फ्यूज उडतो, मग परत स्टॉक टाकला तरी सिक्युअर फोल्डर आणि सॅमसंगचं पेमेंट त्या फोनवर कायमचं गेलं.

शाओमीची गोष्ट मोठी आहे. आधी एमआय अकाउंट (शाओमीचं खातं) फोनला बांधायचं, आणि ते वायफायवर होत नाही, सिमचा डेटाच लागतो, लोक इथे उगाच तासभर डोकं आपटतात. मग ७२ किंवा १६८ तास थांबायचं. मधेच अकाउंट काढलंत की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. हायपरओएस (शाओमीची नवी सिस्टिम) आल्यापासून या सगळ्याच्या आधी त्यांच्या कम्युनिटी अ‍ॅपमध्ये परवानगीपण मागावी लागते आणि रोजचा कोटा ठरलेला आहे, तो चीनमध्ये रात्रीचे बारा वाजले की उघडतो, म्हणजे आपल्याकडे साडेनऊला. जेवणाच्या वेळेला बोट बटणावर ठेवून बसलेली पोरं मी पाहिलीयत, तिकीट बुकिंग परवडलं.

अनलॉक केल्यावर डेटा उडतो का?

हो. सगळा. फोटो आधी काढून घ्या.

फ्लॅश करण्याआधी कशाकशाचा बॅकअप घ्यायचा?

फोटो-कॉन्टॅक्ट सगळेच घेतात. विसरतात ते पर्सिस्ट आणि ईएफएस पार्टिशन, म्हणजे स्टोरेजमधले वेगळे कप्पे. पर्सिस्टमध्ये सेन्सरची आणि फिंगरप्रिंटची जुळवणी असते, ईएफएसमध्ये आयएमईआय आणि नेटवर्कची माहिती. या दोन फाईली गेल्या तर रॉम बदलून काही होत नाही, फोन हातात राहतो पण फोन म्हणून राहत नाही. अनलॉक झाल्यावर पहिलं काम म्हणजे रिकव्हरीतून (सिस्टिमच्या बाहेरचा दुरुस्तीचा मेनू) या फाईली काढून फोनच्या बाहेर ठेवायच्या. सोबत स्टॉकच्या बूट आणि डीटीबीओ इमेज (कर्नल आणि हार्डवेअरच्या माहितीच्या फाईली), आणि तुमच्या व्हर्जनचा अख्खा स्टॉक रॉम आधीच उतरवून ठेवा.

व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप घेतलाय का ते दोनदा बघा, नाहीतर आईचे मेसेज गेले म्हणून घरात वेगळाच बूटलूप (फोन उघडतच नाही, सारखा रीस्टार्ट होत राहतो तो प्रकार) चालू होतो.

शाओमीवाल्यांनी अँटी-रोलबॅक (मागच्या व्हर्जनवर जाऊ न देणारा आकडा) तपासल्याशिवाय जुनं एमआययूआय (हायपरओएसच्या आधीची शाओमीची सिस्टिम) टाकू नका. फोनमधला आकडा फाईलच्या आकड्यापेक्षा मोठा असेल तर फोन सरळ दगड होतो, आणि मग क्वालकॉमच्या ईडीएल (आणीबाणीच्या) मोडमधून उठवायला शाओमीचं अधिकृत अकाउंट लागतं, जे तुमच्या-माझ्याकडे नसतं.

आणखी एक, लॅपटॉप रायझनचा असेल आणि फास्टबूटमध्ये फोन सारखा तुटत असेल तर फोन खराब नाही, यूएसबी २ चा पोर्ट किंवा साधा हब लावून बघा. आणि लाईट जाण्याची शक्यता असेल तेव्हा बिनबॅटरीच्या डेस्कटॉपवरून फ्लॅश करू नका, पावसाळ्यात तर नाहीच.

क्लीन फ्लॅश, डर्टी फ्लॅश म्हणजे काय?

त्याच रॉमचा नवा बिल्ड वरून टाकला तर डर्टी, चालतं. एका रॉमवरून दुसऱ्यावर जाताना डेटा फॉरमॅट करायचा, नुसतं वाईप नाही, फॉरमॅट, जिथे रिकव्हरी तुम्हाला 'येस' टाईप करायला लावते ते. ते टाळलं की जुन्या एन्क्रिप्शनमुळे बूटलूप. गॅप्सवाला (प्ले स्टोअर वगैरे गुगलच्या गोष्टी असलेला) बिल्ड आहे की व्हॅनिला तेही बघून घ्या, व्हॅनिलावर प्ले स्टोअर नसतं आणि बऱ्याच रॉममध्ये गॅप्स पहिल्या बूटच्या आधीच टाकावे लागतात.

कर्नल बदलला की बॅटरी दुप्पट टिकते म्हणतात, खरं का?

नाही. कोणी दुप्पट म्हणत असेल तर तो त्याच दिवशी फोन कमी वापरलेला माणूस आहे.

काय होऊ शकतं ते सांगतो. कर्नलमध्ये गव्हर्नर नावाची गोष्ट असते जी प्रोसेसर कधी किती वेगात पळवायचा ते ठरवते. जुन्या फोनवर इंटरॅक्टिव्ह असायचा, आता बहुतेक ठिकाणी शेडयुटिल. तो चांगलाच आहे, त्याला हात लावायची गरज नाही. परफॉर्मन्स लावला तर प्रोसेसर सतत वरच्या वेगात राहतो, मे महिन्यात दुपारी बाहेर फोन वापरून बघा, हातात धरवणार नाही आणि तापला की तो स्वतःच वेग कमी करतो, म्हणजे मिळवलं काय? अंडरव्होल्टने (प्रोसेसरला कमी व्होल्टेज देऊन) थोडा फरक पडतो पण प्रत्येक चिप वेगळी निघते, मित्राच्या फोनवर चाललेला आकडा तुमच्या फोनवर भर कॉलमध्ये रीस्टार्ट देईल.

बॅटरी खरी जाते ती वेकलॉकमध्ये. फोन खिशात आहे, स्क्रीन बंद आहे, तरी कोणतं तरी अ‍ॅप किंवा ड्रायव्हर प्रोसेसरला झोपू देत नाही. रात्री झोपताना ९० टक्के आणि सकाळी ७० असेल तर कर्नल शोधू नका, आधी कोण जागं ठेवतंय ते बघा. ते ड्रायव्हरमुळे असेल तरच कर्नलचा उपयोग. नेटवर्क कमजोर असलेल्या जागी सारखं टॉवर शोधण्यात जी बॅटरी जाते तिच्यावरही कुठल्याच कर्नलचा इलाज नाही.

मग कस्टम कर्नल घ्यायचा कशासाठी? मला पटणारी कारणं: कंपनीने सोडलेल्या कर्नलमध्ये सुरक्षेच्या दुरुस्त्या येतात, झेडरॅम (रॅममधला डेटा दाबून जागा करणारी सोय) नीट लावलेला असतो म्हणून चार जीबीच्या फोनवर अ‍ॅप कमी मरतात, डिस्प्लेचे रंग हवे तसे करता येतात, दोनदा टॅप करून स्क्रीन जागी करता येते, कर्नलएसयू (कर्नलमधूनच मिळणारा रूट) हवं असतं. फ्रँको आणि एलिमेंटलएक्स ही जुनी नावाजलेली नावं आहेत, पण परत तेच, तुमच्या फोनसाठी आज कोण बनवतंय ते बघा. बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवायची असेल तर त्यासाठीही कर्नल लागत नाही, लिनिएज २० पासून चार्जिंग कंट्रोल रॉममध्येच आहे, फोनला आधार असला की झालं.

कुठलाही कर्नल कुठल्याही रॉमवर चालतो का?

जुन्या फोनवर नाही. अँड्रॉइडचं व्हर्जन जुळायला हवं, आणि एमआययूआयसाठी बनवलेला कर्नल एओएसपीवर (गुगलच्या मूळ कोडवरून बनवलेल्या रॉमवर) टाकलात तर कॅमेरा किंवा आवाज जातो, नाहीतर लोगोवरच थांबतो. अँड्रॉइड १२ सोबत ५.१० कर्नल घेऊन आलेल्या आणि त्यापुढच्या फोनमध्ये गुगलने जीकेआय आणलं, म्हणजे मूळ कर्नल सगळ्यांचा सारखा आणि कंपनीचे ड्रायव्हर वेगळ्या मॉड्यूलमध्ये. त्यामुळे तिथे जुळवणं सोपं झालंय, पण मोठे फेरफारही कमी करता येतात. बूट इमेज हाताशी असेल तर कर्नल फसला तरी दोन मिनिटांत परत येता येतं, घाबरायचं कारण नाही.

रूट करावंच लागतं का?

नाही. रॉमला अनलॉक लागतो, रूट नाही. कारण नसेल तर करू नका, बँकेचं दुखणं वाढतं.

कॅमेरा बिघडतो का?

बिघडतो, थोडा तरी. कंपनीची प्रोसेसिंग त्यांच्या अ‍ॅपमध्ये असते, ती रॉमसोबत येत नाही. जीकॅमचा (गुगलच्या कॅमेऱ्याचा) पोर्ट टाकला की फोटो बऱ्याचदा आधीपेक्षा छान येतात, पण मॅक्रो-अल्ट्रावाईड अशा जास्तीच्या लेन्स दिसतीलच असं नाही. गणपतीच्या मिरवणुकीच्या आदल्या दिवशी रॉम बदलू नका, एवढंच.

पिक्सेल घेतला तर रॉमची काळजी मिटली ना?

बरीचशी, पण पूर्वीइतकी नाही. जून २०२५ मध्ये अँड्रॉइड १६ चा सोर्स आला तेव्हा गुगलने पिक्सेलच्या डिव्हाईस ट्री दिल्या नाहीत, त्या आधी दरवेळी मिळायच्या. त्यामुळे पिक्सेलच्या मेंटेनरनाही आता बाकीच्यांसारखं खोदकाम करावं लागतं.

स्टेशनजवळच्या दुकानात पैसे देऊन करून घेऊ का?

ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला काय किंवा वाशीला काय, डिस्प्ले आणि बॅटरी बदलायला दुकानं उत्तम आहेत. रॉमसाठी जाऊ नका. तिथे कुठली फाईल टाकली, कुठून आणली, हे तुम्हाला कधीच कळत नाही आणि तुमचे सगळे पासवर्ड पुढे त्याच फोनवर पडणार असतात. शेजारच्या मुलाकडून करून घेतलंत तरी समोर बसा, फाईल रॉमच्या मूळ साईटवरून उतरवा आणि चेकसम (फाईलमध्ये बदल झालेला नाही हे पटवणारा आकडा) जुळवा.

रॉम टाकून बूटलोडर परत लॉक केला तर बँक अ‍ॅप चालतील ना?

थांबा, हे करू नका! बहुतेक फोनवर कस्टम रॉम असताना लॉक केलं की फोन स्वतःच्याच सिस्टिमला ओळखत नाही आणि उघडत नाही. पिक्सेलवर ग्राफीन टाकून लॉक करता येतं कारण तिथे रॉमची स्वतःची किल्ली बसवायची सोय आहे. बाकीच्यांनी आधी पूर्ण स्टॉक टाकायचा, तो चालू होतोय हे बघायचं, आणि मगच लॉक. शाओमीवर तर चायना फोनवर ग्लोबल रॉम टाकून लॉक केला तरीही फोन अडकतो.

फोन विकायचाय, काय करू?

स्टॉकवर न्या, गुगल आणि एमआय अकाउंट दोन्ही काढा, आणि जमत असेल तर वर सांगितल्याप्रमाणे लॉक करा. लॉक करायचा नसेल तर घेणाऱ्याला तोंडावर सांगा की चालू होताना जो इशारा दिसतो तो बूटलोडर उघडा असल्याचा आहे आणि यूपीआयला त्रास होऊ शकतो. ऑनलाईन जाहिरातीतही लिहा. नाहीतर माणूस कल्याणहून येतो, फोन चालू करतो, तो इशारा बघतो आणि तिथेच हजार रुपये पाडून मागतो.